केतुवंशाचे पाळणे

एका राज्यात केतुवंशाचे राजे नांदत होते. मूळपुरुष वज्रकेतू, त्याचा मुलगा गरुडकेतू, त्याचा सिंहकेतू, आणि असं करीत करीत गादी आली मकरकेतूपर्यंत. दरबारात भाट ही वंशावळ एका दमात म्हणून दाखवी आणि ऐकणारे माना डोलावीत. पण माना डोलावणाऱ्या प्रत्येकाला एक गोष्ट ठाऊक होती आणि ती कोणी बोलत नसे. भाट ज्यांची नावं घेई ते सारे धाकटे. ह्या वंशात थोरला मुलगा गादीवर कधी बसलाच नव्हता.

थोरले होते पाळणेघरात.

राजवाड्याच्या आतल्या अंगाला ते दालन होतं. तिथं पाळणे टांगलेले, प्रत्येकात एक बाळ, आणि प्रत्येक बाळ दगडाचं. पाथरवटानं घडवलेलं नव्हे हो. जन्मलं तेव्हा हाडामांसाचं, मऊ, दुधाच्या वासाचं. बाराव्या दिवशी बारसं होई. नाव सांगायला कानाशी तोंड गेलं की बाळाच्या पायाच्या बोटांपासून दगड चढू लागे आणि नाव पुरं होण्याआधी कपाळाला पोचे. मग घरच्यांनी रडून घ्यावं, बाळ पाळणेघरात नेऊन ठेवावं आणि दुसऱ्याची वाट पाहावी. दुसऱ्याला काही होत नसे. माणसाला कशाचीही सवय होते; राजांना जरा लवकरच होते.

मकरकेतूची राणी सुरंगी. दूर समुद्राकाठच्या मुलखातून आलेली. सोयरीक जुळवताना तिच्या बापाला हत्ती सांगितले, घोडे सांगितले, खजिना सांगितला. पाळणेघर कोणी सांगितलं नाही. तिला मुलगा झाला आणि तिला वाटलं, आता नगारे वाजतील. नगारे वाजले नाहीत. सुईणीनं बक्षिसाला हात लावला नाही. दासी बाळाला न्हाऊमाखू घालीत, पण मान वळवून. तोंड पाहिलं तर जीव लागायचा.

"काय झालंय सगळ्यांना?" तिनं राजाला विचारलं.

राजानं तिला पाळणेघरात नेलं. एका पाळण्यापाशी थांबून म्हणाला, "हा माझा थोरला भाऊ."

सुरंगीनं बाळाला इतकं घट्ट धरलं की ते रडायला लागलं. तिला ते रडणं हवंच होतं. दगड रडत नाही.

बाहेर आल्यावर तिनं विचारलं, "बारशात कानात नाव कोण सांगतं?"

"राजोपाध्याय."

"आणि आत्या?"

"आमच्यात आत्या नसते."

"नसते म्हणजे? आमच्याकडे नाव आत्याच सांगते. बाळाच्या कानाशी वाकून ती कुर्र करते आणि मागून बाकीच्या बायका तिच्या पाठीत बुक्के घालतात. माझ्या आत्याची पाठ चार दिवस शेकावी लागली होती."

"लेक सासरी गेली की ह्या घरात तिचं नाव निघत नाही," राजा म्हणाला. "वंशावळीत लेक नसते. रीत आहे."

रीत म्हटलं की पुढचं विचारायचं नसतं. पण भीतीनं सुरंगीला आता रात्रंदिवस ग्रासलं. बाळ झोपलं की ती त्याच्या पायाची बोटं दाबून पाही, मऊ आहेत ना, आणि पुन्हा दाबून पाही.

आणखी एक रीत होती. बाळंतिणीनं किल्ल्याच्या थोरल्या बुरुजाला जाऊन बुरूजदेवीची ओटी भरायची. भिंतीत एक शेंदूर फासलेला दगड, तीच देवी. सुरंगीनं खण-नारळ ठेवला, दगडावर कपाळ टेकलं आणि तिच्या अंगावर काटा आला. भिंतीच्या आत कोणीतरी अंगाई म्हणत होतं. आवाज अगदी हळू, घसा कोरडा पडलेल्या बाईचा.

बुरुजाच्या फटीत एक म्हातारा पिंगळा बसे. त्या राज्यात पक्षी बोलत. ऐकायची फुरसत कोणाला नसे, इतकंच. पिंगळा म्हणाला, "ऐकू आलं ना? तुझ्याआधीच्या राण्यांनाही आलं. त्या पळाल्या."

"आत कोण आहे?"

"वज्रकेतूची थोरली बहीण. हा बुरूज बांधावा आणि ढासळावा, असं चाललं होतं. मांत्रिकानं बळी सांगितला, तोही घरच्याच माणसाचा. त्याच वेळी ही भावाच्या पहिल्या मुलाच्या बारशाला माहेरी आली होती. भाऊ म्हणाला, आक्का, पाळणा बुरुजात बांधलाय, तू आधी आत जा. ती हातात झबलं घेऊन आत गेली. मागून चुना आणि दगड. मी तेव्हा पिल्लू होतो, वरून पाहत होतो."

 सुरंगी तिथंच बसली. "मग ही सूड घेते?"

"ते तिचं तिला विचार. मी पक्षी आहे. पण सोडवायचं असेल तर तीन कामं कर. एक, तिचं नाव शोध. नाव न घेता कोणाला बोलावता येत नाही. दोन, माहेरचा पुरुष मुराळी म्हणून पाठव. मुराळ्याशिवाय लेक माहेरी येत नाही. तीन, तिचा मान तिला पुरता दे. अर्धामुर्धा नको."

"नाव कोणाला ठाऊक आहे?"

"ज्यानं पुसलं त्याला," पिंगळा म्हणाला आणि त्यानं डोळे मिटले.

वज्रकेतू मेला होता, पण कुठं गेला नव्हता. खजिन्याच्या तळघरात तो नाग होऊन बसला होता. धनावर जीव ठेवून मेलेल्याची गत तीच. त्या धनाला हात लावील त्याचा हात वाळून जाई, म्हणून पिढ्यान् पिढ्या तिकडे कोणी फिरकलं नव्हतं. सुरंगी बाळाला राजाजवळ ठेवून पणती घेऊन उतरली. मोहरांच्या ढिगावर म्हातारा नाग वेटोळं घालून होता, अंगावर केस आलेला, डोळ्यांवर पडदा आलेला.

"मोहरा नेणारे परत जात नाहीत," नाग म्हणाला.

"मोहरा नकोत. नाव हवं."

"कोणाचं?"

"आपल्या थोरल्या बहिणीचं."

नागानं फणा खाली टाकला. मग म्हणाला, "ते नाव मला मोठ्यानं घेता येत नाही. कान जवळ आण."

सुरंगीनं पणती खाली ठेवली. हा डसला तर बाळाचं काय? आई गेली आणि बाळही दगड झालं, तर ते पाळणेघरात कोणाच्या आठवणीनं पडून राहील? पण नाव तर तिथंच होतं, त्या दातांच्या मागं. तिनं डोळे मिटले, मान वाकवली आणि कान नागाच्या तोंडाशी नेला. जीभ कानाच्या पाळीला लागली, थंड. मग नाव आलं.

ती उठली तसा नाग म्हणाला, "तिला सांग..."

"काय सांगू?"

"नको. सांगण्यासारखं मी काही ठेवलेलं नाही."

एक काम झालं. दुसरं त्याहून अवघड निघालं. नाग नवऱ्यापेक्षा लवकर ऐकतो, हे तुम्हांला सांगायला नको.

"बुरूजदेवीच्या दगडाला पहार लावायची?" मकरकेतूचा चेहरा पांढरा पडला. "बुरूज पडेल. बुरूज पडला तर राज्य पडेल."

"आणि बारशाला बाळ दगड झालं तर?"

"राणी, दुसरं होईल."

हे वाक्य ह्या वाड्यात प्रत्येक राजानं प्रत्येक राणीला म्हटलेलं होतं. सुरंगी रडली नाही. म्हणाली, "महाराज, दुसरे आपणही आहात. पाळणेघरात जाऊन हेच थोरल्यांना सांगून या. मग मी काही बोलणार नाही."

राजा खरंच गेला. तिथं किती वेळ होता कोण जाणे. परत आला तेव्हा त्याच्या हातात पहार होती.

बारशाचा दिवस उजाडला. भर दुपारी, सावल्या पायांत आल्या असताना, सारा गाव बुरुजापासून लांब उभा राहिला. दरबारचा मांत्रिक धूम्रकेश लिंबं आणि राख घेऊन पुढं झाला होता. पहारेचा पहिला घाव बसला तसा तो लिंबं टाकून सर्वांच्या आधी पळाला. राजानं शेंदरी दगड उचकटला. आतून गार वारा आला, ओल्या चुन्याच्या वासाचा. मग त्या भोकातून एक हात बाहेर आला. चुन्यानं माखलेला, मनगटात हिरव्या बांगड्या.

राजा पुढं झाला. "मी... मी राजा मकरकेतू..."

सुरंगी मागून हलकेच म्हणाली, "तिला राजा नकोय. भाचा हवाय."

राजानं पहार टाकली आणि तो थंड हात आपल्या हातात घेतला. "तुंगाआत्या, बारशाला चला. मी न्यायला आलोय."

भिंतीच्या आतून आवाज आला, "फार उशीर केलास रे."

ती चालत वाड्यात आली. चौकभर ओल्या चुन्याची पावलं उमटली. तिला चेहरा होता, पण भिंत लिंपावी तसा लिंपलेला; डोळे नाहीत, ओठ नाहीत, आवाज मात्र येई. दासी खांबांआड लपल्या. सुरंगीनं पाट मांडला, पाय धुतले, हळदकुंकू लावलं, साडीचोळी आणि नारळ ओटीत घातला. तिचे दात एकमेकांवर वाजत होते, पण तिनं एकही गोष्ट गाळली नाही.

"बाळ दे, सूनबाई," तुंगा म्हणाली.

सुरंगीचे हात सुटेनात. आजवर हे बाळ हिच्यापासूनच वाचवायचं होतं, आणि आता हिच्याच ओटीत घालायचं होतं. तिनं बाळाचा पापा घेतला आणि बाळ त्या चुन्याच्या मांडीवर ठेवलं.

तुंगा बाळाच्या कानाशी वाकली. "कुर्र," ती म्हणाली आणि थांबली.

बाळाच्या पायाची बोटं पांढरी पडली. मग पावलं. मग घोटे. दगड चढू लागला. बायका किंचाळल्या आणि सगळ्यांनी हात जोडले. "देवी, माफ कर. देवी, प्रसन्न हो." राजानं जमिनीवर लोटांगण घातलं. दगड गुडघ्यांपर्यंत आला. सुरंगीचेही हात जोडले गेले होते. तिला वाटलं, संपलं, मी माझ्या हातानं दिलं.

पण तुंगा अजून तशीच वाकलेली होती. नाव सांगत नव्हती, उठतही नव्हती. पाठ पुढं करून नुसती थांबली होती. आणि सुरंगीला तिची स्वतःची आत्या आठवली, धाकट्या भावाच्या बारशाला अशीच वाकलेली, आता मागून काय बसतंय म्हणून डोळे मिचकावून थांबलेली.

देवीला हात जोडतात. आत्याला कोणी हात जोडतं का?

सुरंगीनं जोडलेले हात सोडले, मूठ वळली आणि तुंगाच्या पाठीत बुक्का घातला. मूठ दगडावर आपटली, बोटं सोलवटली. दगड बाळाच्या कमरेला पोचला होता. तिनं दुसरा घातला. चुन्याला तडा गेला. तिसरा तिनं सगळा जीव एकवटून घातला, आणि तो मऊ, उबदार, माणसाच्या पाठीवर बसला.

"अगं, जरा हळू," तुंगा म्हणाली, आणि हसली.

चुन्याचा पोपडा गळून पडला. खाली एक चेहरा होता, थकलेला, वज्रकेतूच्या नाकाचा. तिनं बाळाच्या कानात नाव सांगितलं, निर्भयकेतू, आणि बाळानं पाय झाडून असा टाहो फोडला की सुरंगी मटकन खाली बसली. ती हसत होती की रडत होती, ते तिचं तिलाही कळेना.

"आत्या," तिनं शेवटी विचारलं, "इतकी बाळं दगड का केलीत?"

"थोरल्याचं नाव माझ्याशिवाय कोणी ठेवायचं नव्हतं," तुंगा म्हणाली. "राग नव्हता असं म्हणणार नाही. पण मारलं एकालाही नाही. भिंतीत माझ्यापाशी दगडाखेरीज होतं काय? त्यात राखून ठेवली. अंगाई म्हणत होते, ऐकली नाहीस?"

मग ती पाळणेघरात गेली. एकेका पाळण्यावर वाकली, कुर्र केलं, आणि आता बायकांची भीड चेपली होती, बुक्क्यांना तोटा नव्हता. एकेक बाळ रडू लागलं. एकेका नावासरशी तुंगा विरळ होत गेली. सर्वांत जुन्या पाळण्यात वज्रकेतूचा थोरला होता, त्याच्याच बारशाला ती आली होती. त्याला तिनं ते जुनं झबलं घातलं, नाव सांगितलं, आणि बायकांचा बुक्का बसला तो नुसत्या साडीवर. साडीत कोणी नव्हतं. हिरव्या बांगड्या पाळण्यात होत्या आणि बाळ त्यांच्याशी खेळत होतं.

तळघरात पाहिलं तर नागाची नुसती कात पडली होती. आणि बुरूज? तो पडला नाही. भोक तसंच आहे, पिंगळ्याची पिल्लं तिथं राहतात. गवंड्यांनी तपासलं तेव्हा कळलं की नंतर पाया रुंद केला होता, त्यानंच बुरूज उभा होता. बाई उगीचच गेली.

आता त्या दरबारात भाट उभा राहतो तेव्हा पहिलं नाव तुंगेचं घेतो, आणि प्रत्येक राजाआधी त्याच्या बहिणीचं. वंशावळ लांबली आहे, एका दमात होत नाही. गादी कोणाची, हा घोळ मात्र कायदेपंडितांना सुटलेला नाही. कारण खापरपणजोबांचा थोरला भाऊ अजून रांगतो आहे आणि धाकट्याचा वंशज राज्य चालवतो आहे. मकरकेतू थोरल्या भावाला मांडीवर घेऊन सिंहासनावर बसतो. काही विचारलं तर म्हणतो, "थांबा, दादाला दात येऊ द्या."

कहाणी इथं पाळण्यात घातली. दोरी आता तुमच्या हाती, आणि घरी बारसं असेल तर आत्याला आधी मुराळी धाडा.