सुव्रतेच्या अंगणातला झेंडू

यातल्या एका तरी शब्दावर विश्वास ठेवून दाखव. मी सांगतेय, मलाच ठेवता येत नाही.

पूर्वी कृतयुगात, म्हणजे माझ्याही आधी, एका अरण्यात धूम्रायण नावाचे महातपस्वी ऋषी राहायचे. महातपस्वी म्हणजे घरातलं काडीचं काम न करणारे. ते सगळं त्यांची बायको सुव्रता करायची. एकुलती लेक चारुमती. लग्न होऊन निघताना तिनं अंगणात झेंडूचं बी टाकलं आणि म्हणाली, "आई, दसऱ्याला येईन. तोवर माझी फुलं राख." कृतयुगात दसरा कुठला, असं विचारशील तर उठवून लावीन.

श्रावणात झाड केशरी पेटलं. सुव्रता त्याच्यापाशी बसून राहायची. चारू इथं रांगली, इथं पडली, इथं माती खाताना सापडली, असं त्यालाच सांगायची. फूल मात्र तोडू देईना. ऋषी परडी घेऊन आले तर म्हणाली, "देवाला बेल वाहा. याला हात लावलात तर आज कंदमुळंसुद्धा मिळायची नाहीत."

भाद्रपदात फुलं झाडावरच वाळली, त्यांनी बी धरलं आणि नवी कळी येईना. दसरा तर महिन्यावर. सुव्रतेचा जीव थाऱ्यावर राहीना.

एका दुपारी लालबुंद पाहुणा आला तो सरळ झाडाशी गेला आणि वाळकी फुलं भराभर खुडू लागला. सुव्रता पळी घेऊन धावली. "मेल्या, माझ्या लेकीची आठवण खुडतोस? तुलाही कुणी असंच खुडील, रोजच्या रोज."

पतिव्रतेचा शाप तो, लागलाच. पाहुणा होता साक्षात सूर्यनारायण. तो हसला नुसता.

"रोज संध्याकाळी खुड मला, माई. सकाळी पुन्हा येईन. अगं, बी धरलं की झाडाला वाटतं, आपलं काम संपलं. ते उतरव. जेवढं खुडून देशील तेवढं हे फुलेल, हा माझा वर."

पहिल्या दिवशी तिनं डोळे मिटून एकच वाळकं फूल खुडलं. मग नवं फूल उमललं की ती रोज कुणा ना कुणाला देऊ लागली. ऋषींची परडीही भरली.

दसऱ्याला चारुमती आली. वाटेत प्रत्येक आश्रमाच्या दाराला केशरी तोरण.

"आई, माझी फुलं राखलीस ना?"

"वाटली सगळी. ही आजची, धर ओचा." आणि तिनं अख्खं झाड लेकीच्या ओच्यात रिकामं केलं.

निघताना चारू रडली. सुव्रता उद्याच्या कळ्या बघत होती.

तेव्हापासून सूर्य मावळतो आणि खुडणाऱ्याच्या दारात झेंडू दिवाळीपर्यंत पुरतो. झालं. ऊठ, जा आता.