विचारून उतरायचं पाणी

फार मागे, तिकडे चीन देशात, भातखाचरातले किडे वेचून खाणाऱ्या बदकांचा एक कळप राहायचा. त्यांच्याच जिवावर भात पिकायचा म्हणा ना! एकदा एका जहाजामागून परदेशी कुरव पक्षी आले. म्हणाले, "भात आम्हाला द्या, ही अफूची बोंडं तुम्ही घ्या. झोप कशी गोड लागते बघा!"

लान बदकिणीच्या धाकट्या भावाला, वेनला, बोंडांची अशी चटक लागली की खाचरात किडे माजले तरी तो उठेना. लानचा जीव खालीवर होई. शेवटी तिनं बोंडांची अख्खी रास घाटावरून नदीत ढकलली.

कुरव खवळले. "आमचा माल बुडवलास? आता हा घाट आमचा!" जहाजावरच्या तोफा धडाडल्या. तेव्हापासून बदकांना पाण्यात उतरायलाही परवानगी लागू लागली. आणि घाटावर पहाऱ्याला बसला कोण, तर वेन! रोजच्या एका बोंडावर.

लान आली तसा तो म्हणाला, "अक्का, कुरवांना विचारलंस?"

"मेल्या, तुला पोहायला मी याच घाटावर शिकवलं ना रे?"

वेननं मान खाली घातली. वाटेतून मात्र तो हलला नाही.