घरकामासाठी

त्या राज्यात दारांच्या कड्या आतल्या बाजूला असत. बीळ असो, ढोली असो की गुहा, आत राहणारा ठरवील तेव्हाच दार उघडे. तसा कायदा कुठे लिहून ठेवलेला नव्हता. कड्या मिळण्याचे ठिकाण मात्र एकच होते, आणि ते म्हणजे वडाखालचे नानांचे हार्डवेअरचे दुकान.

नाना हे एक म्हातारे साळिंदर होते. खिळे, बिजागऱ्या, साखळ्या, जाळ्या, सगळे त्यांच्याकडे मिळे, पण मागितल्याबरोबर मिळत नसे. गिऱ्हाईक घरचा मोडका तुकडा नमुना म्हणून आणी. नाना तो पंजात फिरवून पाहत आणि विचारत, "कशाला पाहिजे?" उत्तर पटले की वस्तू काढून देत. नाही पटले तर "संपलंय" म्हणत, मग ती वस्तू त्यांच्या पाठीमागे खुंटीवर लोंबत का असेना. रांगेतले ससे एकमेकांना सांगत की नानांकडे खिळा आणायला जायचे तर सोबत शिदोरी बांधून न्यावी.

एकदा टेकडीवरच्या गुहेत राहणारा तरस आला. त्याला आठ इंची अल्ड्रॉप हवा होता, म्हणजे बाहेरून सरकवून कुलूप घालायची जाड कडी. धान्याच्या कोठाराला लावायची आहे, असे तो गोड आवाजात म्हणाला.

"धान्य आतून दार ढकलत नाही," नाना म्हणाले. "तुला दोन इंची पुरेल."

तरस हसला आणि दोन इंची न घेताच निघून गेला.

पुढे घराघरात काच आली. काचेवर चित्रे उमटत. हव्या त्या चित्रावर पंजा ठेवला की मुंग्यांची रांग ती वस्तू दारात आणून टाकी. नदीपलीकडच्या बाजाराने काचेवर दुकान मांडले आणि वडाखालची रांग ओसरली. नानांची नजरही मंद झाली होती. दुकान बंद पडू नये म्हणून त्यांनी वेणूला बोलावले.

वेणू ही चिंचेच्या ढोलीत एकटी राहणारी खार. काचेवर दुकाने मांडून देणे हे तिचे काम, आणि ते ती जीव लावून करी. कामाला हात घालण्यापूर्वी आठ दिवस ती नानांच्या दुकानात कोपऱ्यात बसून राहिली. गिऱ्हाईक जिथे अडखळे, कपाळाला आठी घाली किंवा मागे वळून पाही, त्या जागेच्या नावाने ती एक चिंचोका ठेवी. आठव्या दिवशी तिने चिंचोके मोजले. मापांपाशी नऊ होते, नावांपाशी चौदा. नानांच्या प्रश्नापाशी ढीग झाला होता.

तिने मापांऐवजी चित्रे काढली. पंजा ठेवायला मोठमोठ्या जागा केल्या. कडी घेणाऱ्याला चार स्क्रू वेगळे मागावे लागू नयेत, ते आपोआप यावेत अशी सोय केली. प्रश्न मात्र ती काढूनच टाकणार होती.

"बाकी सगळं तुझ्या मनासारखं कर, पोरी," नाना म्हणाले. "तेवढं राहू दे."

वेणूला म्हाताऱ्याचे मन मोडवेना. तिने प्रश्न ठेवला, पण अगदी तळाशी, बारीक अक्षरात. कुणी त्यापाशी अडू नये म्हणून उत्तरही आधीच लिहून ठेवले: घरकामासाठी. ज्याला दुसरे काही सांगायचे असेल त्याने ते पुसून लिहावे.

पहिली परीक्षा तिने गोदाकाकूंवर घेतली. या सशांच्या आळीतल्या थोरल्या सशीणबाई, अक्षरओळख नसलेल्या. काकूंनी तीन वेळा पंजा टेकवला आणि बिजागरी दारात आली.

"अगं, यात शिदोरी उघडायलासुद्धा वेळ नाही मिळाला," काकू म्हणाल्या. वेणूला ते वाक्य कितीतरी दिवस पुरले.

दुकान पुन्हा चालू लागले. मुंग्यांच्या रांगा वडाखालून दिवसभर निघत. तळाचा प्रश्न कुणी वाचत नव्हते, आणि उत्तर कुणी एकदाही पुसले नाही.

दोन महिन्यांनी एका दुपारी नानांनी वेणूला बोलावून घेतले. ते पाठीमागच्या भिंतीवरून पंजा फिरवत उभे होते. एकेक खुंटी चाचपत ते टोकापर्यंत गेले. सगळ्या रिकाम्या होत्या.

"बाहेरच्या कड्या कुणी नेल्या गं?"

"घरकामासाठी गेल्यात, नाना. प्रत्येकाने तसंच लिहिलंय."

"लिहिलंय कुणी?"

वेणूची शेपटी जागच्या जागी थांबली. तिने दुकानातली काच पुढे ओढली आणि गेलेल्या मालाची यादी उघडली. आठ इंची अल्ड्रॉप, चार स्क्रू, एक कुलूप. पुन्हा तेच. खाली पुन्हा तेच. माल मागवणारी गुहा दर वेळी एकच होती, टेकडीवरची. ती कुणाची हे नानांना सांगावे लागले नाही.

"आधी ते उत्तर पूस," ते हळूच म्हणाले.

ते पुसायचे तर तिच्या ढोलीतल्या काचेवरूनच पुसता येत होते. वेणू पळत सुटली. वाट सशांच्या आळीतून जात होती. एरवी या वेळी तिथे अंगणात गप्पा चालत. आज एकही कान दिसत नव्हता. गोदाकाकूंचे दार लावलेले होते आणि दाराच्या बाहेरच्या अंगाला नवीकोरी जाड कडी होती. चार स्क्रू उन्हात चमकत होते. कडीत कुलूप होते. शेजारच्या दारावर तशीच कडी, त्याच्या पुढच्या दारावरही. वेणूने काकूंना हाक मारली. उत्तर आले नाही. कुलूप तिच्या दातांना दाद देईना.

ती चिंचेवर चढली, ढोलीत शिरली आणि आतली कडी लावून घेतली. काचेसमोर बसून तिने तळाचा प्रश्न शोधला. स्वतःच काढलेले अक्षर तिला वाकून वाचावे लागले. पुसण्यासाठी तिने नख उचलले, तेवढ्यात काचेवर नवी मागणी उमटली.

आठ इंची अल्ड्रॉप, एक. पत्ता: चिंचेची ढोली. कशाला पाहिजे: घरकामासाठी. खाली लिहिले होते, माल पोचला.

बाहेर लाकडात स्क्रू फिरू लागला. तो पुरता बसला, मग दुसरा फिरला. वेणू मोजत राहिली. चौथ्यानंतर कुलूप खटकन लागले आणि गोड आवाजात कुणीतरी हसले.

तिने आतली कडी काढली आणि दार आतून ढकलले.