बुधायचा वेढा

ही गोष्ट त्या काळातली, जेव्हा उंबरदांडाच्या दरीत माणसांपेक्षा धुकंच जास्त राहायचं. सकाळी दार उघडलं की ते पायरीशी येऊन बसलेलं असे, आणि बायका त्याला जरा बाजूला सारून पाण्याला जात. त्या धुक्यात बुधाय नावाची एक बाई होती. ती धनुष्याच्या दोरीला वेढे घालायची.

आता तुम्ही म्हणाल, वेढे घालणं हे काय काम झालं? लहानपणी मलाही तसंच वाटायचं. म्हणून आधी तेवढं नीट ऐकून घ्या, कारण पुढची सगळी गोष्ट त्या बोटभर जागेत घडते. धनुष्याची दोरी अंबाडीच्या वाखाची असते. तिच्या मधोमध, जिथे बाण टेकतो, तिथे बारीक धागा गुंडाळतात. बाणाच्या शेपटाला एक खाच असते, ती या गुंडाळलेल्या जागेवर बसते. धागा कमी पडला तर खाच सैल राहते आणि ओढता ओढता बाण गळून पडतो. जास्त झाला तर खाच दोरीला घट्ट धरून बसते, सुटायच्या वेळी बाण अडखळतो आणि वाकडा जातो. मग बरोबर वेढा ओळखायचा कसा? बाण दोरीला लावायचा आणि खाली लोंबू द्यायचा. तो आपला आपण लटकला पाहिजे. मग दोरीवर नखाने एक टिचकी मारायची, आणि तेवढ्याने तो पडला पाहिजे. टिचकीआधीच पडला तर वेढा कच्चा. टिचकीनेही पडला नाही तर वेढा हट्टी.

बुधायचा वेढा कच्चाही नसे आणि हट्टीही नसे. तिच्या हातच्या दोरीवरून सुटलेला बाण इतका गुपचूप जायचा की तो गेल्याचं गवतालासुद्धा कळत नसे, असं म्हणतात. तिचं बोट फिरलं की दोरी तिच्याशी हळूच गुणगुणायची, असंही म्हणतात. आणि गावाचा रिवाज असा होता की तिने घातलेला वेढा दुसऱ्या कुणी सोडायचा नाही. सोडायचा तर तिनेच.

तिचा नवरा लखमा. एका संध्याकाळी त्याने आपला कमठा, म्हणजे धनुष्य, तिच्यापुढे धरला आणि म्हणाला, वेढा झिजलाय, बघ जरा. बुधाय दिवसभर नाचणीच्या शेतात वाकून दमली होती. ती म्हणाली, "आज ऱ्हाऊ दे. उद्या घालते." दुसऱ्या दिवशी पहाटेच शेतात रानडुक्कर शिरलं. लखमा तसाच धावला. डुक्कर अंगावर आलं तेव्हा त्याने दोरी ओढली, आणि बाण खाच सुटून त्याच्याच पायाशी पडला. लखमाला माणसांनी खाटेवर घालून घरी आणलं. बुधायने तो पडलेला बाण उचलून आणला आणि कितीतरी दिवस मांडीवर घेऊन बसून राहिली.

त्या दिवसापासून तिचे वेढे हट्टी झाले. एक वेढा जास्त, मग त्यावर आणखी एक. बाण लावून ती टिचकी मारायची, तो हलायचा नाही, आणि ती समाधानाने मान हलवून म्हणायची, "आता कुठं जात न्हाई."

गावाने काय केलं असेल? कुणाचीही जीभ रेटली नाही. माणसं दोरी घ्यायची, बरं आये म्हणायची, आणि वाघदेवाच्या शिळेमागे जाऊन नखाने एक थर सोडून टाकायची. रिवाज मोडत होता, पण बाईचं मन तरी मोडत नव्हतं. एकाने केलं, दुसऱ्याने केलं, मग सगळ्यांनीच केलं, आणि प्रत्येकाला वाटायचं की हे पाप आपण एकटेच करतोय. शिळेमागे धागे पडायचे, पण दुसरं कुणी यायच्या आत नाहीसे व्हायचे. सुगरणी ते उचलून नेत आणि घरटी विणत. दरीवर झुलणारी घरटी त्या वर्षांत इतकी घट्ट झाली की वादळाने झाड पडे, पण घरटं पडत नसे, असं म्हणतात. सगळं गुपित ठाऊक होतं ते त्या सुगरणींना.

बुधायला एकच लेक होती, साळू. तिलाही बुधायने तसंच धरून ठेवलं होतं. पाण्याला जाताना सोबत, सरपणाला जाताना सोबत. पण लेक मोठी झाली की तिचे डोळे दरीपलीकडे जातातच. पलीकडे डोंगराच्या पोटाशी पळसवाडी होती आणि मध्ये वेलींचा एक साकव. त्या साकवावरून मध विकायला धावजी नावाचा पोरगा यायचा. मध फार गोड होता की धावजी, ते साळूला माहीत. लग्न ठरलं, लागलं, आणि निघायची वेळ झाली.

साळू दाराशी वाकली आणि म्हणाली, "येते गं आये."

आपल्याकडे निघणारं माणूस जाते म्हणत नाही, येते म्हणतं. आणि मागे राहणारं म्हणतं, ये. एवढं एक अक्षर मिळालं की माणूस सुखाने निघतं. बुधाय दाराच्या आत उभी होती. तिने बोटाभोवती धागा गुंडाळला, बोट पांढरं पडेपर्यंत गुंडाळला, पण तोंडातून अक्षर काढलं नाही. साळू थांबली. वऱ्हाड पुढे गेलं तरी थांबली. शेवटी धुकं दोघींच्या मध्ये येऊन बसलं आणि साळू तशीच निघून गेली.

पुढे तिला मूल झालं. बुधायने साकवावर पाऊल ठेवलं नाही. साळू दरवर्षी मधाच्या पोळ्याच्या मेणाचा एक गोळा कुणाच्या तरी हाती आईला धाडायची, कारण वेढ्याच्या धाग्याला मेण लागतं. बुधाय तो गोळा चंचीत जपून ठेवायची आणि वापरायची मात्र नाही. सकाळी धुकं जरा फाटलं की ती कडेला येऊन पळसवाडीचा धूर बघायची, आणि चुलीचा धूर आहे म्हणजे लेक उठली, एवढं कळलं की घरी जायची.

मग एका भादव्यात पाऊस थांबेचना. नदी चढली आणि साकव घेऊन गेली. त्यानंतर पलीकडचा डोंगर कण्हू लागला. हो, कण्हू लागला असंच म्हणतात. पळसवाडीच्या मागे जमिनीला भेग पडली, घरं एका अंगावर कलली, आणि माणसं पोराबाळांसह दरीच्या काठावर आली. पाठीशी सुटत चाललेला डोंगर आणि पुढ्यात पूर. धुकं फाटलं की ती दिसत, मिटलं की नाहीशी होत. त्यांत साळू होती, कडेवर पोर घेऊन.

उंबरदांडाची माणसं अलीकडच्या काठावर जमली. पलीकडे दोर पोचवायचा एकच मार्ग होता. बाणाला बारीक धागा बांधायचा, बाण पलीकडे मारायचा, धाग्यामागे दोरी, दोरीमागे जाड दोर. पण एवढ्या लांब साधा कमठा पोचणार नव्हता. वाघदेवाच्या देवळातला थोरला कमठा काढला. तो फक्त होळीला निघायचा. त्याच्या दोरीला बुधाय दरसाल नवा वेढा घालायची, आणि देवाच्या दोरीला नख लावायची हिंमत आजवर कुणाला झाली नव्हती.

गावात गोमा नावाचा तिरंदाज होता. बोलण्यात तो जरा पुढेच असायचा, पण हातही तसाच होता. त्याने बाण लावला, कानापर्यंत ओढला आणि सोडला. बाण दोरीवर अडखळला, वाकडा गेला आणि धाग्यासकट पुरात पडला. गोमाने घाईघाईने दुसरा बाण घेतला, आणि रोजच्या सवयीने त्याचं नख वेढ्याकडे गेलं. त्याने एक थर सोडायला सुरुवात केली. समोर बुधाय उभी आहे हे त्याच्या ध्यानातच राहिलं नाही.

"गोमा, काय करतूस?"

गोमाचं नख जागीच थांबलं.

"आये, रागावू नको. तुजा वेढा बाण सोडीत न्हाई."

"कवापासनं?"

"लखमाकाका गेल्यापासनं."

"मंग तुमी काय करता?"

"वाघदेवाच्या मागं जाऊन येक थर सोडतो."

"समदे?"

गोमाने मागे पाहिलं. सगळ्या माना खाली होत्या. गावच्या भगताने तर तोंड देवळाकडेच फिरवलं होतं. तेव्हा कुठे त्या माणसांना कळलं की आपण एकटे नव्हतो.

"मंग मला कुनी सांगितलं का न्हाई?" बुधाय म्हणाली. माया होती म्हणून सांगितलं नाही, आणि त्या मायेचं फळ आता पलीकडच्या काठावर उभं होतं.

गोमाने थर सोडून बाण मारून पाहिला. पण ओल्या धाग्यावरून नखाने सोडलेला वेढा कुठे जाड राहिला, कुठे उघडा पडला. बाण ओढतानाच गळाला आणि धागा घेऊन कड्यावरून खाली गेला. आता एका बाणाला पुरेल एवढाच धागा उरला होता.

"दे हिकडं," बुधाय म्हणाली.

ती खडकाच्या आडोशाला बसली. जुना वेढा तिने मुळापासून काढला. नवा अंबाडीचा धागा घेतला, तर तो त्या हवेत भिजवलेल्या वालासारखा फुगलेला. तिने तो टाकून दिला. मग तिने अंबाडा सोडला. तिचे केस पांढरे झाले होते, पण गुडघ्यापर्यंत होते, आणि साळू लहान असताना तेच केस धरून झोपायची. तिने ते उपटले, चंचीतून साळूने धाडलेलं मेण काढलं, केसांना लावलं आणि वेढे घालू लागली. दोरी पुन्हा गुणगुणू लागली, असं म्हणतात. जमलेली माणसं तिच्या बोटांकडे वाकून बघू लागली. नदीचा आवाजसुद्धा तेवढा वेळ बंद झाला, असं म्हणतात. नदी काही थांबली नसेल, पण त्या माणसांना तो ऐकू आला नाही हे मला पटतं.

तिने बाण लावला. बाण लटकला. तिने टिचकी मारली. बाण पडला नाही.

हाताने सवयीने एक वेढा जास्त घातला होता. कुठला, ते तिला नेमकं ठाऊक होतं. तो लखमासाठी होता. त्यावर बोट ठेवून ती रडायला लागली, सगळ्यांदेखत. इतक्या वर्षांत तिला कुणी रडताना पाहिलं नव्हतं. तिला भीती वाटत होती. हा एक वेढा सोडला आणि बाण पुन्हा पायाशी पडला तर? पलीकडे धुकं फाटलं. साळू दिसली. तिने पोराला कडेवरून खांद्यावर घेतलं होतं, कारण पाणी चढत होतं.

बुधायने तो एक वेढा सोडला. बाण लावला. तो लटकला. तिने टिचकी मारली, आणि बाण तिच्या मांडीवर पडला.

"आता सोड," ती गोमाला म्हणाली.

बाण कुणी मारला यावरून अजून वाद आहेत. बुधायच्या माहेरची माणसं सांगतात, तिनेच मारला. मी गोमाच्या बाजूचा आहे, कारण तो कमठा ओढायला पैलवानाचं अंग लागतं, आणि बिचाऱ्याच्या वाट्याला एवढं तरी येऊ द्या. पण बाण निघाला त्याचा आवाज झाला नाही, यावर सगळ्यांचं एकमत आहे. तो निघाला आणि धुक्यात त्याच्या मागे एक वाट पडली. त्या वाटेतून पलीकडच्या माणसांना अलीकडची माणसं लख्ख दिसली. बाण धावजीच्या पायापाशी जमिनीत रुतला.

धाग्यामागे दोरी गेली, दोरीमागे दोर. तो कड्याच्या झाडाला बांधला आणि माणसं एकामागून एक अलीकडे आली. शेळ्यासुद्धा आल्या, असं म्हणतात, त्या कशा आल्या ते मात्र विचारू नका. शेवटचं पाऊल अलीकडे पडलं आणि पलीकडचा डोंगर सुटला. पळसवाडीचं एकही घर राहिलं नाही. माणूस मात्र एकही गेलं नाही.

साळू आईसमोर आली. पोराने हात पुढे करून आजीच्या डोक्याला लावला.

"केस कुठं गेलं गं आये?" साळूने विचारलं.

"दोरीवर हायेत," बुधाय म्हणाली.

पाऊस ओसरला, पळसवाडीची माणसं पलीकडच्या पठारावर नवी घरं बांधायला निघाली. साकवही नवा झाला. या वेळी बुधाय दारात राहिली नाही. ती साकवाच्या तोंडाशी आली, हातात लखमाचा कमठा घेऊन, आणि दोरीला त्या दिवशी त्याच्या पायाशी पडलेला तोच बाण लटकत होता.

"येते गं आये," साळू म्हणाली.

बुधायने दोरीवर टिचकी मारली. बाण साळूच्या पदरात पडला.

"ये," बुधाय म्हणाली.

बुधाय कधी गेली ते कुणी सांगत नाही. एका सकाळी धुक्यात पाण्याला गेली आणि धुकं ओसरलं तेव्हा वाटेवर नुसता हंडा होता, असं म्हणतात. सुगरणीच्या घरट्यात कधी एखादा लांब पांढरा धागा दिसला, तर उंबरदांडाची पोरं त्या झाडावर दगड मारत नाहीत.

आणि अजूनही तिथे लेक सासरी निघते तेव्हा वरातीला साकवाच्या तोंडाशी थांबावं लागतं. आई दोरीला स्वतःच्या हाताने वेढा घालते आणि बाण लटकावते. लेक येते म्हणते. आई टिचकी मारते. पुष्कळदा बाण पडत नाही. मग कुणी घाई करत नाही, कुणी गुपचूप नख लावत नाही. आजूबाजूच्या म्हाताऱ्या तेवढं मोठ्याने सांगतात, "बाय, येक वेढा जास्ती झाला." आई डोळे पुसते, तो एक वेढा आपणच सोडते आणि पुन्हा टिचकी मारते. बाण पदरात पडतो, आणि सगळी वरात तिच्या तोंडाकडे बघत त्या एका अक्षरासाठी थांबते.