रिसबूडसाहेब मोटर झाले

मालनवहिनीच्या कारखान्यात लोखंड कोरायचं, हाताने फिरवायचं जुनं मिलिंग मशीन होतं. ते कॉम्प्युटरवर चालवायचं ठरलं. आडव्या हालचालीच्या दोन मोटरी बसल्या, वरखाली करणारी तिसरी तेवढी राहिली. परवा पंपाच्या झाकणाचा नमुना दाखवायचा होता, नाहीतर काम दुसऱ्याकडे जाणार होतं.

त्यासाठी पुण्याहून आलेले इंजिनियर रिसबूडसाहेब म्हणाले, "मोटर मशीनच्या टेबलाखाली बसवा. टेबलच वरखाली करा."

दस्तगीर मिस्त्री म्हणाला, "टेबल ऱ्हाऊ दे वहिनी, वरचा कटरच खाली आणू. झाकणाला बोटभर तर कोरायचंय."

साहेबांनी कागदभर आकडे मांडले. वहिनी चौथी शिकलेली. तिला कधी साहेबांचं पटे, कधी मिस्त्रीचं, आणि मोटर तर एकच. तिचं डोकं गरगरायला लागलं.

"साहेब, मला आकडे कळत न्हाईत," ती शेवटी म्हणाली. "घटकाभर तुमीच मोटर व्हा. आधी टेबल वरखाली करा, मग कटर. धा-धा येळा."

साहेब हसले आणि बाह्या सारून टेबलाचा दांडा फिरवू लागले. चौथ्या खेपेला दोन्ही हात लागले, सहाव्या खेपेला ते मशीनला टेकून धापा टाकू लागले. कटर मात्र एका हाताने दहा वेळा सहज खालीवर झाला.

"माझं सोडा," घाम पुसत साहेब म्हणाले. "मोटर काही दमत नाही."

"न्हाईच दमत," वहिनी म्हणाली. "तुमी दमला म्हणून थांबला. ती थांबायची न्हाई, जळंल. मग परवाचा नमुना तुमी हातानं करून देणार का?"

साहेबांनी कागदाची घडी करून खिशात घातली.

"मिस्त्री," ते म्हणाले, "कटरलाच बसवा."