तांबडा दिवा

गाडीचे सुटे भाग आपसात बोलत असत, त्या काळी घडलेली ही गोष्ट.

दिगंबरराव खटके यांच्या मोटारसायकलवर एक छोटा तांबडा दिवा होता. इंजिनातले ऑइल कमी झाले की तो पेटायचा. एका सकाळी तो पेटला, तो विझेचना.

"लग्नाला निघालोय आपण, आणि तू तोंड लाल करून बसलास?" हॉर्न खेकसला.

"ऑइल संपत आलंय. इंजिन जळेल," दिवा म्हणाला.

"मला तर काहीच दिसत नाही," आरसा म्हणाला. त्याला फक्त मागचेच दिसायचे.

"मला जरा गरम होतंय खरं," इंजिन हळूच म्हणाले. पण हॉर्नपुढे त्याचे कोण ऐकणार?

दिगंबररावांच्याही डोळ्यांत तो दिवा खुपू लागला. त्यांनी त्यावर काळी चिकटपट्टी लावली आणि म्हणाले, "मिटली कटकट!" मालकाच्या हुशारीचे सगळ्या भागांनी तोंडभरून कौतुक केले.

अर्ध्या घाटात इंजिन किंचाळले आणि जागीच जाम झाले. लग्नाचे कपडे घामाने भिजवत दिगंबररावांनी गाडी यासीन मेस्त्रींच्या गॅरेजपर्यंत ढकलत नेली. मेस्त्रींनी इंजिन उघडले आणि कपाळाला हात लावला.

"खटकेसाहेब, सकाळी लिटरभर ऑइल टाकलं असतं तर हे वाचलं असतं. आता आतलं सगळं नवीन घालावं लागेल."

"घाला," दिगंबरराव म्हणाले. "पण आधी तो दिवा काढून फेका. तो लागला तेव्हापासूनच गाडी बिघडली."