तांब्याच्या वाटीचे राज्य

आज जिथे नुसती ऊन-सावली खेळते, तिथे एके काळी बाग होती आणि बागेच्या कडेला इवल्याशा झोपडीत मैना राहत असे. तिचे बाबा पाटकरी. कोणत्या वाफ्याला केव्हा पाणी सोडायचे, हे ते ठरवत. बाबा गेले, आईने अंथरूण धरले, आणि मोगऱ्याच्या पाच वेलींवर दोघींचे पोट चालू लागले. त्या उन्हाळ्यात पाट आटला. आज वेली भिजल्या नाहीत, तर त्या उद्या वाळणार होत्या.

मैना हौदाशी मुसमुसत बसली होती. तळाच्या ओंजळभर पाण्यातून एक चिमुकली परी वर आली. तिचे पंख चतुराच्या पंखांसारखे निळे, झगमगते. तिने तळाला छिद्र असलेली तांब्याची वाटी पाण्यावर अलगद तरंगत ठेवली. बाबाही अशाच वाटीने पाण्याची पाळी मोजत; छिद्रातून पाणी भरून वाटी बुडाली, की पाळी संपे.

"ही बुडेपर्यंत तू या बागेवर राज्य कर. पाणी तुझं ऐकेल. मात्र दिलेला हुकूम मागे घेता येणार नाही."

"परीताई, राज्य करायचं म्हणजे नेमकं काय करायचं?"

"मोठ्यानं ओरडायचं!" पाटाच्या तोंडाशी असलेला गुलाब म्हणाला. "आणि पहिलं पाणी मानकऱ्यांना."

"छे, उंच बसून मिरवायचं," मोर म्हणाला.

"आधी आपलं पोट बघ, बाई," बेडकाने डोळे मिचकावले.

मैनेने सुकलेल्या मोगऱ्याकडे पाहिले. हुकूम ओठांवर आलाच होता. पण तिला बाबा आठवले. ते आधी बागेच्या टोकाला चालत जात, मातीत बोट खुपसून ओल बघत. 'मैने, तोंडाकडून सुरुवात केली, तर टोकाला चिखलसुद्धा पोचत नाही,' असे म्हणत. आपल्या वेली ते सर्वांत शेवटी भिजवत.

मैना टोकाकडे धावली. तिथे बोटभर उंचीची शेवंती मान टाकून उभी होती.

"पाण्या, आधी इथे ये."

रुपेरी पाणी खळखळत आले. मैना हातांनी माती ओढत एकेक वाफा भिजवत गेली. गुलाबाची पाळी आली. "आमचा मान राहिलाच," असे कुरकुरत तोही घटाघटा प्याला. आता फक्त मोगरा उरला.

डुबुक!

वाटी बुडाली. वेलींपासून वीतभर अंतरावर पाणी थांबले. मैना चिखलात मटकन बसली.

"तो पहिला हुकूम मागे घेता आला असता, तर घेतला असतास?" परीने हळूच विचारले.

मैनेने डोळे पुसले. दूर शेवंतीने मान वर केली होती.

"नाही."

परी हसली, आणि हसता हसता तिचा सोनेरी उजेड झाला. त्या उजेडातून टपटप थेंब मोगऱ्यावर पडले. भर दुपारी पाचही वेली पांढऱ्याशुभ्र कळ्यांनी लवल्या. त्या वासाने झोपडीत आई उठून बसली. उजेड विरला, वाटी तेवढी मागे राहिली.

ती बाग आता नाही. पण त्या गावात कोणी 'मी राज्य करतो' म्हणाला, की म्हाताऱ्या आधी त्याचे हात निरखतात. मग विचारतात, "बाळा, तुझा वाफा कितवा भिजला?"